वाचक विचारतात : एकाच घरातील दोन मते आणि जगाचा बाजार

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून जागतिकीकरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, परंतु त्यातील प्रश्न दोन परिच्छेदांत उरकणे मला योग्य वाटले नाही.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि माझे चुलते विट्याला यंत्रमाग चालवत असत. वडील म्हणतात, "बाहेरचा बाजार उघडला नसता तर आपण अजून मुंबईच्या दलालाच्या पट्टीची वाट बघत बसलो असतो." चुलते म्हणतात, "त्याच बाजाराने माझे आठ माग भंगारात घातले." यंदा दिवाळीत दोघांचा वाद इतका वाढला की आजीला मध्ये पडावे लागले. वर्गात सर सांगतात की विषमता वाढली. पुस्तकातील आकडे सांगतात की गरिबी घटली. एकाच गोष्टीविषयी इतकी टोकाची मते कशी असतात आणि खरे कोणाचे मानावे?
— एक विद्यार्थिनी, तासगाव तालुका

उत्तर : तुमचे वडील आणि चुलते आपापल्या वहीतील हिशेब सांगत आहेत, आणि दोन्ही वह्यांतील जमाखर्च खरा आहे. अडचण अशी की दोघांनीही निरनिराळ्या घडामोडींना एकच नाव दिले आहे. १९९१ च्या जुलै महिन्यात देशाची परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, सोने गहाण टाकावे लागले होते, रुपयाचे तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले होते आणि २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने पुढची वाट ठरवली. त्यानंतर खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण यांची पहिली अक्षरे जोडून मराठीत 'खाउजा' हा शब्द रूढ झाला. शब्द सोयीचा आहे, पण त्याने तीन वेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधले आणि तेव्हापासून कोणत्याही सुखदुःखाचे श्रेय किंवा खापर त्या गाठोड्यावर ठेवण्याची सवय आपल्याला लागली.

चुलत्यांच्या मागांचेच पाहा. साधा यंत्रमाग बंद पडण्यामागे विजेचा दर, सुताच्या भावातील चढउतार आणि आपल्याच देशात दुसऱ्याने बसवलेले शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणारे अधिक वेगवान माग ही कारणे होती आणि ती सगळी परदेशातून आलेली नव्हती. मात्र एक कारण नक्की बाहेरचे होते. १९७४ पासून श्रीमंत देश कोणत्या देशाकडून किती कापड व कपडे घ्यायचे याचा कोटा ठरवत असत. ती व्यवस्था २००४ च्या अखेरीस संपली. कोटा संपला म्हणजे सर्वांना दार मोकळे झाले, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे मोठ्या गिरण्या, स्वस्त कर्ज आणि बंदरापर्यंत चांगले रस्ते होते त्यांनी ती जागा घेतली, आणि आठ माग असलेल्या माणसाला त्या दारापर्यंत पोहोचण्याची सोय कोणी केली नाही. चुलत्यांचा राग मला याच ठिकाणी न्याय्य वाटतो.

आता तुमच्या सरांचे म्हणणे आणि पुस्तकातील आकडे. या दोहोंत विरोध नाही. १९९० साली जगातील तिघांपैकी एकाहून अधिक माणसे अत्यंत गरिबीत जगत होती; २०१९ पर्यंत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले आणि त्यातील फार मोठा वाटा चीनचा होता. त्याच काळात अनेक देशांच्या आत वरच्या आणि खालच्या थरांतील अंतर वाढले. ब्रांको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने १९८८ ते २००८ या वीस वर्षांत जगातील कोणत्या थराचे उत्पन्न किती वाढले याचा आलेख काढला, तेव्हा त्याला हत्तीचा आकार आला. पाठीचा उंचवटा म्हणजे प्रामुख्याने आशियातील मधला थर, उंचावलेली सोंड म्हणजे जगातील अतिश्रीमंत, आणि सोंड जेथे खाली वाकते तेथे श्रीमंत देशांतील कामगार होता, ज्याच्या पगारात वीस वर्षांत फारशी भर पडली नाही. पाठीवर उभा असलेला माणूस आणि सोंडेच्या वाकावर उभा असलेला माणूस एकाच आलेखाविषयी एकच मत देतील, अशी अपेक्षा आपण कशी करावी?

भारतापुरते बोलायचे तर पेटिया टोपालोव्हा या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास तुम्ही अवश्य वाचावा. १९९० मध्ये आपले सरासरी आयातशुल्क ८० टक्क्यांच्या घरात होते आणि १९९६ पर्यंत ते ३७ टक्क्यांच्या आसपास आले. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील पिकांचे आणि उद्योगांचे संरक्षण अधिक प्रमाणात निघून गेले, तेथे गरिबी इतर जिल्ह्यांच्या मानाने सावकाश घटली, असे त्यांना आढळले. याचे एक कारण असे की माणसे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात सहजासहजी हलली नाहीत. खानापूर-आटपाडीच्या गलाई बांधवांनी दुष्काळाला कंटाळून पार केरळ-तमिळनाडूपर्यंत सोने-चांदी गाळण्याचा धंदा नेला, ही आपल्या भागातील अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यांच्यामागे नात्यागोत्याचे भक्कम जाळे होते. पन्नाशीतल्या मागवाल्याने कोणाचे बोट धरून कुठे जायचे?

मोठ्या अर्थशास्त्रज्ञांतील वादही याच मुद्द्यावर येऊन थांबतो. जगदीश भगवती यांनी सातत्याने मांडले की खुल्या व्यापाराने वाढ होते आणि वाढीशिवाय गरिबी हटवण्याचा टिकाऊ मार्ग नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ यांचा आक्षेप व्यापारावर नसून दारे कोणत्या क्रमाने, किती वेगाने आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडली यावर आहे. दोघांना एका व्यासपीठावर बसवले तरी "दारे बंदच ठेवा" असे त्यांच्यापैकी कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक चर्चेत मात्र पूर्ण बाजूने किंवा पूर्ण विरोधात असे दोनच गट उरतात आणि मधला सगळा विचार वाया जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता तुमच्या वडिलांच्या वहीकडे येतो, कारण ती मी जवळून पाहिली आहे. मागील हंगामात मणेराजुरीच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये मी अर्धा दिवस बसून होतो. टेबलांच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका घड फक्त देठाला धरत होत्या, कारण बोट लागले की मण्यावरची पांढुरकी भुकटी पुसली जाते आणि माल शिळा दिसतो. बारीक कात्रीने तडकलेले आणि बारके मणी काढले जात होते. शंका आली तर १८ मिलिमीटरची कडी मण्यावरून फिरवायची, आणि मणी त्यातून सुटला तर तो कापायचा. भिंतीवर बागेचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक फवारणीची तारीख आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे याचा तक्ता लावलेला होता. बाजूला पडलेला माल बेदाण्याच्या शेडकडे जायचा. एका मण्याची जाडी सात समुद्रांपलीकडच्या दुकानदाराने ठरवलेली आणि ती मोजणारी बाई शेजारच्या वाडीतली, हे पाहिल्यावर जागतिकीकरण या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक समजला.

या शिस्तीने बागायतदाराला खूप दिले. नोंदवही आली, औषधांचा बेबंद वापर कमी झाला, स्वतःच्या मालाची प्रत त्याला स्वतःला कळू लागली. वडिलांचे म्हणणे खरे आहे ते या अर्थाने. पण २०१० चा हंगाम त्यांना विचारा. वेलीच्या पानाफांद्यांची वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे ज्याला बागायतदार 'सीसीसी' म्हणतात ते संजीवक, राजरोस वापरले जात होते. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत त्याचे नाव नव्हते. युरोपातील प्रयोगशाळांनी मात्र ते शोधले, किलोला ०.०५ मिलिग्रॅम ही तेथील मर्यादा ओलांडलेली आढळली आणि कंटेनर अडकले. ज्या शेतकऱ्याने सांगितलेली प्रत्येक अट पाळली होती, त्याचाही माल नाकारला गेला. यादी करणे शेतकऱ्याच्या हातात नव्हते, तपासणी त्याच्या हातात नव्हती, मर्यादा ठरवताना त्याला कोणी विचारले नव्हते. नुकसान मात्र फिरत फिरत त्याच्या बागेत येऊन थांबले.

म्हणून खरे कोणाचे, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. बाजार उघडावा, या बाजूचा मी आहे, कारण बंद बाजारातील दलालाची पट्टी आमच्या पिढीने पाहिली आहे. परंतु बाजार किती उघडला हे सांगून जो थांबतो त्याने अर्धाच हिशेब मांडलेला असतो. उघडल्यानंतर जोखीम कोणाच्या अंगावर टाकली, हे तुम्ही प्रत्येक मत ऐकताना विचारा. पुढच्या वेळी घरात वाद झाला तर वडिलांना २०१० विषयी आणि चुलत्यांना वीजबिलाविषयी बोलते करा. मला वाटते, दोघे एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतील.

प्रश्न : जागतिकीकरण हे १९९१ नंतरचे संकट आहे, असे आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सर्रास बोलले जाते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ते पटत नाही. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, आपली शंका रास्त आहे. साताऱ्याच्या कोणत्याही घरातील न्याहारीचे ताट समोर घ्या. मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली असून पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्याकडे आली, आणि ज्या ज्वारीला आपण सर्वांत जुनी आणि सर्वांत आपली मानतो ती काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली आहे. मात्र वस्तू येणे वेगळे आणि दूरच्या बाजारभावाशी घरातील चूल बांधली जाणे वेगळे. त्या दुसऱ्या गोष्टीचा आरंभ शोधायचा तर मी आपल्याला १८६१ सालाकडे नेईन.

त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे तोंड वळवले, कापसाचे भाव भडकले आणि दख्खनमधील शेतकऱ्याला सावकार मागेल तेवढे कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज तसेच राहिले. त्यात सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, त्यांची खतपत्रे जाळली, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्याला डोळ्यांसमोर दिसत होता तो गावातला सावकार. त्या सावकाराला पैसे पुरवणारा मुंबईचा पेढीवाला त्याला दिसत नव्हता आणि लिव्हरपूलचा दर ठरवणारा तर मुळीच दिसत नव्हता.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सोलापूर आणि अहमदनगर यांच्याबरोबर सातारा होता, आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजचे तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुकेही होते. पहिल्या पत्रातील मुलीच्या पणज्या-खापरपणज्यांनी हा कायदा अनुभवला असणार. १९९१ नंतर जे नवे आले ते म्हणजे वेग, पैशाची एका क्षणात होणारी ये-जा आणि १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेचे लेखी नियम. भावाचा झटका शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र त्यापूर्वी सव्वाशे वर्षे तयार होती. आपल्या कट्ट्यावर हा इतिहास आपण सांगावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : ऊस आणि सोयाबीन ही माझी दोन पिके. भाव वाढायला लागला की सरकार निर्यात थांबवते आणि पाडायचा झाला की आयात वाढवते. मग शेतकऱ्यासाठी जागतिकीकरण झाले आहे, असे म्हणायचे तरी कसे?
— एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : आपला प्रश्न पोटतिडकीचा आहे आणि त्याला वस्तुस्थितीचा आधार आहे. साखरेच्या निर्यातीवर जून २०२२ पासून निर्बंध आले आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीला परवानगी मिळाली नाही. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली ती मे २०२४ मध्ये उघडली. तेलबियांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया मोहिमेमुळे नव्वदीच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता; १९९४ मध्ये पामतेलाची आयात मोकळी झाली आणि आज आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलांवरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केले गेले आणि मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले. त्या २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात अनेक शेतकऱ्यांना त्याहून कमी भाव पदरी पडला, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

शेतकरी चळवळीतही या प्रश्नावर दोन तट पडले होते. १९९१ च्या अखेरीस डंकेल प्रस्ताव, म्हणजे ज्यातून पुढे जागतिक व्यापार संघटना उभी राहिली तो व्यापार नियमांचा मसुदा आला तेव्हा शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्याचे स्वागत केले. आपल्या शेतकऱ्याला सरकार अनुदान देत नसून निर्यातबंदी आणि लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी) यांच्या मार्गाने त्याच्याकडूनच वसूल करते, म्हणजे ही उणे सबसिडी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. जगाचा बाजार खुला झाला तर निदान ही लूट थांबेल, अशी त्यांना आशा होती. कर्नाटक राज्य रयत संघाचे एम. डी. नंजुंडस्वामी यांनी त्याच प्रस्तावाला कडाडून विरोध केला, कारण बियाण्यावरील मालकी कंपन्यांकडे जाईल अशी त्यांची भीती होती. मागे वळून पाहता मला दोघांचेही मोल वाटते. बियाण्याविषयीच्या त्या विरोधामुळे देशात जी जागृती झाली तिचे फळ २००१ च्या कायद्यात दिसते, ज्यात शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क स्पष्ट लिहिला गेला. शरद जोशींचे निदान तर आजही खोटे ठरलेले नाही, कारण निर्यातीच्या दाराची किल्ली अजून दिल्लीतच आहे.

मात्र उसाच्या बाबतीत दुसरी बाजू आपण ऐकून घ्यावी. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसदराविरुद्ध आणि साखर निर्यातीच्या अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले, परंतु अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे ते अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंदच आहे. म्हणजे एफआरपीचे, अर्थात उसाला सरकारने ठरवून दिलेल्या किमान दराचे, आपले संरक्षण सध्या एका न ऐकल्या गेलेल्या अपिलाच्या आडोशाला उभे आहे. ग्राहकाला साखर आणि तेल स्वस्त मिळावे, ही अपेक्षा मी चुकीची मानत नाही. त्या स्वस्ताईची किंमत सरकारने तिजोरीतून द्यावी, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि दारे उघडण्या-मिटण्याचे वेळापत्रक पेरणीपूर्वी जाहीर करणे हे सरकारला आजही शक्य आहे.

प्रश्न : हळदीचे पेटंट आपण जिंकलो, असे नेहमी ऐकतो. त्याचा सांगलीच्या हळदीला प्रत्यक्ष उपयोग काय झाला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, यासाठी अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले. आजीच्या आठवणी तेथे पुरावा म्हणून चालत नाहीत, छापील मजकूर लागतो. म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख पुढे ठेवला गेला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारला गेला, तो याच अनुभवातून.

या विजयाने हळदीचा भाव वाढला नाही. तो वाढण्याचे कारणही नव्हते. त्याने एवढेच झाले की आपल्या वापरावर दुसरा कोणी हक्क सांगू शकला नाही. सांगलीचे नाव जपण्यासाठी वेगळे भौगोलिक मानांकन लागत होते, ते २०१८ मध्ये मिळाले. त्या मानांकनामागे हरिपूरच्या पेवांचा मोठा वाटा आहे. जमिनीखालच्या या खोल कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली. मानांकनाच्या कागदावर पेवांचे वर्णन आहे. प्रत्यक्षात उरलेली पेवे दुरुस्त करण्यासाठी हरिपूरकर आणि व्यापारी यांनी एकत्र यावे, असे मला फार वाटते. कोणी या कामात पुढाकार घेत असेल तर त्याची माहिती या सदराकडे जरूर पाठवावी. ती पुढील अंकात देता येईल.